साहेबी पद्धतीचा फोटो

काळ्या कापडाखाली डोकं घातलं की माणसाला काहीही बोलायची मोकळीक मिळते, असा आमच्या ड्रॉइंग मास्तरांचा ठाम समज होता. तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा चढवायचा, कापड डोक्यावर ओढायचं आणि आतून सुरू व्हायचं. "नवरदेवाचे मामा, पोट आत. आणखी आत. जात नसेल तर मागच्या रांगेत." किंवा, "हिरव्या लुगड्याच्या बाईंना सांगा, एवढं तोंड पाडू नका, जेवण व्हायचंय अजून." कापडातून बाहेर आले की हेच मास्तर त्याच मामांना हात जोडून 'या, बसा' करत. कुणी जाब विचारलाच तर म्हणत, "कापडाखालचं मनावर घ्यायचं नसतं ओ." करावे, बेलापूर ते पार तुर्भ्यापर्यंत लग्नाचा फोटो म्हणजे आधी पाणउतारा आणि मग फोटो, असाच क्रम होता. लोक तरीही त्यांनाच बोलवत, कारण खाडीच्या या अंगाला दुसरा कॅमेराच नव्हता.

मी त्यांच्याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवायची. करावे गावातून शिकून मास्तरीण झालेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्याही नाकावर माशी बसत नसे. मास्तर कोल्हापूरकडचे. तिकडे नाटकांचे पडदे रंगवायचे, ते सोडून इकडे कसे आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलं तर दर वेळी वेगळं कारण सांगत. एकदा म्हणाले हवापाण्यासाठी आलो. आमच्या खाडीच्या चिखलात हवापाण्यासाठी येणारा माणूस तेव्हा तरी जन्माला यायचा होता. आता त्याच चिखलावर टॉवर उभे राहिलेत आणि लोक 'सी व्ह्यू'साठी कर्ज काढतात, तो भाग वेगळा.

शाळेत ते वर्षानुवर्षं एकच माठ काढायला लावत. टेबलावर माठ ठेवायचा आणि स्वतः खिडकीत बसून विडी ओढायची. मुलं पाचवीत माठ काढत, आठवीतही माठच काढत. हेडमास्तरांनी एकदा विचारलं की मुलांना कधी आंबा, पान, फूल काही द्याल की नाही. मास्तर म्हणाले, "ज्याला माठ जमला त्याला हेडमास्तर जमला." आमचे हेडमास्तर अंगाने भरलेले होते. त्यांनी ते बोलणं स्तुती म्हणून घेतलं की काय कोण जाणे, पण पुन्हा विचारलं नाही.

मास्तरांकडे एक छत्री होती, ती कॅमेऱ्याची. पावसात ते कॅमेऱ्यावर छत्री धरून चालत आणि स्वतः नखशिखांत भिजत. मी एकदा म्हटलं, अहो, दोघांना पुरेल एवढी मोठी आहे. तर म्हणाले, मी वाळतो, तो वाळत नाही. फोटोत डोळे मिटणाऱ्यांवर त्यांचा फार राग. अशा माणसाला ते 'मिटक्या' म्हणत आणि जन्मभर विसरत नसत. पनवेलच्या बाजारात चारचौघांत गाठून विचारत, "काय, अजून मिटताय का?" आमच्या गावातला एक चांगला धिप्पाड नाखवा त्यांना लांबून पाहिलं की बोळात शिरायचा.

लग्नाच्या फोटोआधी 'पसंती' व्हायची. ही मास्तरांनी स्वतः काढलेली रीत. लुगडी पसंत करतात तशी घरच्यांनी फोटोची पद्धत पसंत करायची. मास्तर नमुन्यांचा आल्बम आणि गुंडाळलेले पडदे घेऊन ओट्यावर येऊन बसत, बशीतून चहा पीत आणि एकेक पद्धत समजावत. दरबारी पद्धतीत नवरा खुर्चीत, हात गुडघ्यांवर, नवरी मागे उभी. दोघांनी समोर असं बघायचं की कोर्टाचा निकाल लागायचाय. जोडीच्या पद्धतीत दोघं शेजारी बसणार, मध्ये मूल मावेल एवढी जागा सोडून. "ती जागा पुढच्या वर्षी भरते," असं ते मुलीच्या आईकडे बघून सांगत. गर्दीच्या पद्धतीत अख्खं गाव. ती सगळ्यात खपायची, कारण कुणी रुसत नसे. आणि सगळ्यात मानाची ती साहेबी पद्धत. पुढच्या रांगेत खुर्च्या, पुरुषांच्या अंगात कोट, पायात बूट, एकाचाही पाय उघडा दिसता कामा नये. एका हौशी नवरदेवाने सिनेमातल्यासारखा डोक्याला डोकं लावून फोटो मागितला होता. मास्तरांनी आल्बम मिटला, उरलेला चहा बशीत तसाच ठेवला आणि घरी गेले. डोकी बोकड लावतात, एवढंच जाताना म्हणाले.

पडदे त्यांनी स्वतः रंगवलेले. एकावर राजवाड्याचा जिना होता, तो वर जाता जाता मध्येच भिंतीत शिरायचा. दुसऱ्यावर तळं आणि राजहंस. पडद्याची घडी नेमकी हंसांच्या मानेवर पडून रंग उडाला होता. आमच्या गावात तो पडदा पहिल्यांदा उलगडला तेव्हा माझ्या आजीने काळजीने विचारलं, "यं बगलं आजारी हायत काय?" मास्तर दुखावले. करावे गावात त्यांनी तो पडदा पुन्हा आणला नाही.

फोटो निघाल्यावर ब्रशाचं काम सुरू व्हायचं, आणि त्यात त्यांचा हात खरंच चालायचा. देवीचे वण घालवत, टकलावर केस आणत, नवरीच्या गळ्यात घरच्यांच्या ऐपतीबाहेरची ठुशी घालत. तुर्भ्याच्या एका लग्नात नवऱ्याच्या धाकट्या भावाला रजा मिळाली नाही, तो फोटोत नव्हता. बापाने हट्ट धरला की पोराला मागाहून फोटोत बसवा. मास्तरांनी त्या पोराला जन्मात पाहिलेलं नव्हतं. दिसतो कसा म्हणून विचारलं तर घरचे म्हणाले, अगदी मोठ्या भावासारखा, फक्त जरा बारीक. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे केलं. फोटोत नवरीच्या दोन्ही बाजूंना नवरदेव, एक जाडा आणि एक बारीक. तुर्भ्यात ती बिचारी आजी झाली तरी बायका तिला विचारायच्या, बाई, तुझा नक्की कुठला?

तर अशा माणसाच्या हाती माझ्या लग्नाचा फोटो पडला.

स्थळ ठाण्याचं होतं. माणसं मूळची दिघ्याची, आमच्याच जातीची, पण सासरे ठाण्याला एका मिलमध्ये टाइमकीपर झाले आणि घराची बोली, जेवण, कपडे सगळं बदललं. मिलच्या दारात घड्याळ घेऊन बसायचं आणि उशिरा आलेल्याला परत पाठवायचं, हे त्यांचं काम. घरीही ते तसेच बसत. बोलणं एकदम पुस्तकी. कोट उन्हाळ्यातही अंगात. मुलगा, म्हणजे आमचे हे, कारकून. कुठलीही गोष्ट विचारली तरी 'बघू' म्हणत. लग्नाला होकार दिला तोही 'बघू' म्हणूनच, आणि मी तो होकार धरला.

पसंतीला सासरे आणि हे दोघं करावे गावात आमच्या ओट्यावर आले. मास्तरांनी आल्बम उघडायच्या आतच सासऱ्यांनी सांगून टाकलं की फोटो साहेबी पद्धतीचा. तो ठाण्याच्या घरी पुढच्या खोलीत लागणार, मिलचे साहेब लोक येतात तिथे. मास्तर खूश झाले. साहेबी पद्धत म्हटली की त्यांचा काळा कोट बाहेर यायचा. हा कोट कुणालाही बसायचा, कारण मास्तरांनी तो पाठीवर वरपासून खालपर्यंत उभा फाडून नाड्या लावल्या होत्या. समोरून बघणाऱ्याला काही कळत नसे.

माझा बापूस ओट्याच्या कडेला जाळं विणत बसला होता. कमरेला रुमाल, म्हणजे आमच्याकडचे पुरुष नेसतात तो रंगीत, पुढून त्रिकोणी, मांड्या उघड्या ठेवणारा, अंगात सदरा आणि डोक्यावर गोल टोपी. जन्मात त्याने दुसरं काही नेसलं नव्हतं. खाडीत मांडीएवढ्या पाण्यात उभं राहणाऱ्याला विजार काय करायचीय. मास्तरांनी कोट त्याच्यापुढे धरला. त्याने जाळं बाजूला ठेवलं, कोट हातात घेतला, उलटसुलट केला, नाड्या बघितल्या.

"यो कोट मांगशी फाटलेला हाय," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नान मी फाटका कोट घालू?"

मास्तर म्हणाले, फाटका नव्हे, ती सोय आहे. सासरे म्हणाले, समोरून दिसत नाही ना, मग झालं. बापूस म्हणाला, माझा रुमाल नवा कोरा आणलाय, चांगला लाल. सासऱ्यांनी घसा साफ केला आणि भिंतीकडे बघत अगदी मऊ आवाजात सांगितलं की व्याही, राग मानू नका, पण उघड्या पायाचा माणूस त्या फोटोत शोभणार नाही, तुम्हाला कोट-विजार नको असेल तर फोटोपुरते बाजूला बसा. आमचे हे चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांनी 'बघू'सुद्धा म्हटलं नाही.

बापूसने कोट घडी करून मास्तरांच्या मांडीवर ठेवला. "मी हाय तसा दिसन," तो म्हणाला, "नायतर फोटोन मी नको." आणि पुन्हा जाळं ओढून घेतलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस मला शिकवायला निघाला तेव्हा अख्ख्या गावाने त्याला वेड्यात काढलं होतं. मुलीला शिकवून काय मासळीचा हिशोब इंग्रजीत करायचाय, असं विचारायचे. पनवेलला माझी परीक्षा होती, होडी ओहोटीत अडकली, तर मांडीपर्यंत चिखलात रुतत हा मला खांद्यावर बसवून किनाऱ्याला घेऊन गेला, माझ्या लुगड्याला डाग लागू दिला नाही. आणि माझ्याच लग्नाच्या फोटोत त्याचे पाय शोभत नाहीत. मला त्या फोटोत दागिने नको होते, जिना नको होता. बापूस माझ्या शेजारी पाहिजे होता, आणि जसा आहे तसा पाहिजे होता. त्याचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी मास्तरांना गाठलं. म्हटलं, तुमची साहेबी पद्धत जरा वाकवा, माझ्या बापासाठी वाकवा. त्यांनी चक्क नकार दिला. म्हणाले, "बाई, एका फोटोत एकच पद्धत. दोन घातल्या की भेळ होते. वडिलांना सांगा, क्षणभर कोट घाला, फोटो झाला की काढा." मी म्हटलं, क्षणभर कोट घालायला सांगता, तसं क्षणभर तुम्ही तोंड बंद ठेवून दाखवा. मुलांच्या देखत म्हटलं. मग मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. स्टाफरूममध्ये ते आले की मी उठून व्हरांड्यात जायची. माझं उठणं त्यांच्या लक्षातही येत नसे, ते आपले माझ्या रिकाम्या खुर्चीवर पाय ठेवून बसत.

लग्न आमच्या दारातल्या मांडवात लागलं. आमच्यात लग्न लावते ती धवलारीण, गाणी म्हणून. तिच्या धवल्यांमध्ये मास्तर कॅमेरा घेऊन घुसले आणि म्हणाले, बाई, जरा थांबा, हा क्षण टिपू द्या. धवलारीण गाता गाताच त्यांच्याकडे बघून अशी काही हात नाचवत पुढे आली की मास्तर कॅमेऱ्यासकट केळीच्या खांबाला टेकले. त्या दिवशी त्यांचं कुणापुढे चाललं नाही असा तो एकच प्रसंग.

लग्न लागल्यावर, जेवणाआधी, शाळेतून आणलेल्या खुर्च्या मांडल्या गेल्या. पुढच्या रांगेत मध्ये आम्ही दोघं, ह्यांच्या बाजूला सासरे आणि सासूबाई, माझ्या बाजूला आई आणि तिच्यापलीकडे कोट घालून मामा. मामा आनंदाने फुलले होते, पाठीच्या नाड्या घट्ट बांधून घेतल्या होत्या. मी मान वळवून वळवून बघत होते. बापूस मांडवात नव्हता. नवा लाल रुमाल, पांढरा सदरा, सकाळपासून सगळ्यांच्या पाया पडत, सगळ्यांना या-बसा करत फिरला, आणि खुर्च्या लागल्या तसा मांडवाच्या मागून निघून बंदरावर, आपल्या उलट्या घातलेल्या होडीवर जाऊन बसला. मांडवाच्या कडेतून तो मला दिसत होता. आमच्याकडे पाठ करून खाडीकडे बघत होता.

मी उठले. बाशिंग सावरत उठले आणि म्हटलं, माझा बापूस नसेल तर मी या फोटोत नाही. नव्या सुनेने मांडवात असं बोलणं म्हणजे काय, ते आजच्या पोरींना कळायचं नाही. आईने माझा हात खाली ओढला. सासऱ्यांनी घड्याळ काढून बघितलं, जुनी सवय. म्हणाले, सूनबाई, हे ठरलेलं आहे, बसा. मला तेव्हा खरंच वाटलं की हे लग्न इथेच मोडतं की काय, आणि मोडलं तर बापूस तोंड दाखवायला राहायचा नाही. तरीही माझे गुडघे वाकेनात.

मास्तर कापडाखाली होते. आतून काहीच आवाज येईना, हीच नवलाची गोष्ट. मग ते बाहेर आले आणि कुणाशी एक शब्द न बोलता बंदराकडे चालू लागले. बापूसशेजारी होडीवर बसले. त्यांचं काय बोलणं झालं ते ऐकू येत नव्हतं, पण एकदम बापूस उठून उभा राहिला, त्याने सदरा वर धरला आणि हळूहळू गोल फिरला. मास्तर खाली वाकून त्याच्या कमरेकडे बघत होते. मांडवात कुजबुज सुरू झाली. बापूसने मला नंतर सांगितलं ते असं, की त्या येड्याने मला फक्त विचारलं, रुमाल नेसतात कसा, घडी कुठून येते, शेव कुठे खोचता. कोटाचं नाव काढलं नाही. सगळं बघून झाल्यावर म्हणाला, आता चला, तुमच्याशिवाय तुमची पोरगी खाली बसत नाही आणि माझं ऊन चाललंय.

बापूस आला. मास्तरांनी मामांना उठवून मागे पाठवलं, आईला मामांच्या खुर्चीत सरकवलं आणि बापूसला माझ्या शेजारी बसवलं. लाल रुमाल, उघड्या मांड्या, चिखलाने कायमच्या करड्या झालेल्या पोटऱ्या. मी बसले. सासऱ्यांचा चेहरा आंबला. ते बोलायला तोंड उघडतात तोच मास्तर कापडाखाली शिरले आणि हात वर झाला. मास्तरांचा हात वर म्हणजे भिंगावरचं झाकण निघालं, आता हलायचं नाही. हललेल्या माणसाच्या जागी फोटोत नुसता धूर येतो, हे त्यांनी पसंतीलाच सगळ्यांना बजावलेलं असायचं. "जो हलला तो पुसला," आतून आवाज आला. साहेब लोकांच्या भिंतीवर धूर होऊन लागायची सासऱ्यांची तयारी नव्हती. ते अर्धवट उघड्या तोंडाने तसेच गोठले. मास्तरांनी त्या दिवशी हात जरा जास्तच वेळ वर ठेवला, असं मला अजून वाटतं.

हात खाली आल्यावर सासरे उठले, मास्तरांना बाजूला घेऊन गेले. मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, झालं ते झालं, आता तुमच्या ब्रशाने व्याह्यांना विजार चढवा. विजार नसेल तर फोटो माझ्या घरात यायचा नाही. मास्तर म्हणाले, "करतो की साहेब. पद्धत एकच करून देतो." इतकं गुळगुळीत म्हणाले की माझं मनच विटलं. म्हणजे बापाला मानाने आणून बसवायचं आणि मागून रंगाने झाकायचं. यापेक्षा तो होडीवर बसून राहिला असता तर बरं झालं असतं. मी सासरी गेले ती त्या माणसावर दात ओठ खात गेले.

ठाण्याच्या घरात दिवस कसे गेले ते काय सांगू. सासरे वाईट वागत नव्हते. ते माझ्याशी बोलतच नव्हते. जेवताना सासूबाईंना उद्देशून सांगत, भात वाढायला सांगा. नोकरीचं काय, पुन्हा शाळेत जाऊ का, म्हणून मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, बघू, आधी फोटोचं मिटू दे. म्हणजे माझं त्या घरातलं सगळंच त्या फोटोला अडकलं होतं.

एका रविवारी सकाळी बापूस दारात उभा. खांद्याला टोपलीत मोठा जिताडा मासा, पानात गुंडाळलेला. लाल रुमालच नेसलेला, वर सदरा. माझा जीव आनंदाने आणि भीतीने एकदमच उडाला. सासरे पेपरातून वर बघेनात. बापूस उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसला. मी त्याला विचारते आहे, आज कसा आलास, तर म्हणतो, मास्तरांनी बोलावलंय. आणि मागोमाग मास्तर जिन्यावरून वर, काखेत कागदात बांधलेली मोठी फ्रेम. कॅमेऱ्याची छत्री त्यांनी आज फ्रेमवर धरलेली, बाहेर ऊन असूनही.

कागद सुटला. सगळे वाकून बघायला लागले. मी आधी बापूसकडे बघितलं, फोटोतल्या. त्याला कुठेही ब्रश लागला नव्हता. जसा होता तसा, गुडघ्यांवर हात, उघड्या मांड्या, टोपी नीट. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मग सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, म्हणून मी दुसऱ्या टोकाला बघितलं.

सासऱ्यांचा कोट गेला होता. विजारही नव्हती. बूट नव्हते, चष्मा नव्हता. ह्यांच्या शेजारच्या खुर्चीत, अर्धवट तोंड उघडं, कमरेला बापूससारखाच रुमाल पुढून त्रिकोणी, अंगात सदरा, डोक्यावर गोल टोपी, आणि दोन उघडे काटक पाय जमिनीवर पसरून रोवलेले. रुमालाची घडी अगदी तशी, शेव अगदी तिथेच खोचलेली. काम इतकं बेमालूम होतं की कुणाला सांगून पटलं नसतं की इथे कधी कोट होता.

सासरे शेवटी म्हणाले, "मी विजार चढवायला सांगितलं होतं."

"होय की," मास्तर म्हणाले. "पण एका फोटोत एकच पद्धत. त्यांना चढवली असती तर खोटी दिसली असती, तो माणूस बसलाच तसा आहे. तुमची उतरवायला सोपी गेली." आणि हे सगळं उघड्या तोंडाने, डोक्यावर कापड नसताना.

बापूस घाबरला. आयुष्यात खाडीला, वादळाला न घाबरलेला माणूस घाईघाईने उठला आणि व्याह्यांपुढे हात जोडून उभा राहिला. "पोरीवर राग नको," तो म्हणाला. "यो फोटो मी नेतंय. खाडीन टाकून देन. पोरीला काय बोलू नको." माझ्या बापाला मी असं कधी बघितलं नव्हतं, आणि त्या क्षणी मी मास्तरांचा गळा धरायलाही कमी केलं नसतं.

सासऱ्यांनी फ्रेम उचलली. आम्हाला वाटलं, आपटतात. ते ती घेऊन खिडकीपाशी गेले, उजेडात धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ काचेला लावून बघत राहिले. आम्हाला त्यांची पाठच दिसत होती. ती पाठ हलायला लागली तेव्हा सासूबाईंनी तोंडातला पदर काढला.

"ह्यो त माजा बापूस," सासरे म्हणाले.

त्या घरात मी तोपर्यंत अशी बोली त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. ते वळले, फ्रेम बापूसपुढे धरली आणि बोट लावून लावून दाखवायला लागले, बघ, असाच बसायचा, असंच तोंड उघडं ठेवायचा, दम्याचा होता, दिघ्याला खाडीवर जाळं टाकायचा. त्यांच्या वडिलांचा फोटो कुठेच नव्हता. मिलमध्ये त्यांनी वडील सरकारी खात्यात होते असं सांगून ठेवलं होतं, हे मला सासूबाईंनी नंतर सांगितलं. बापूस टोपलीकडे वळला. तो म्हणाला, "जिताडा ताजा हाय, खराब व्हईल." मग दोघंही भिंतीशी खाली बसले आणि मी मासा कापायला घेतला. मास्तर जेवायला थांबले आणि तिखट कमी पडलं म्हणून माझ्यावर चिडले.

फोटो पुढच्या खोलीत लागला, दारातून येणाऱ्याला पहिला दिसेल असा. पुढच्या महिन्यात मिलचे साहेब सहकुटुंब चहाला आले. साहेबांच्या बायकोने फोटोजवळ जाऊन विचारलं, हे दोन कोण? सासरे कोटाची बटणं लावत उभे राहिले आणि म्हणाले, "ते आमचे व्याही. आणि हे माझे वडील, दिघ्याला मासे मारायचे." बाई म्हणाल्या, वा, आणि तुम्ही कुठे दिसत नाही ते?

"मी पंगतीकडे होतो," सासरे म्हणाले. "कुणीतरी बघायला पाहिजे ना."